इन्स्टॉलर बदलताय, तर आधी सांगा : ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या सर्व कंपन्या आणि संस्था,
विशेषतः इन्स्टॉलर आणि अपडेट यांचं काम पाहणारे विभाग

स.न.वि.वि.

करमाळ्यात तहसील कचेरीजवळ माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, मराठी टायपिंग आणि संगणक दुरुस्ती. सोळा वर्षं झाली. दुरुस्ती मी स्वतः करते. आमच्याकडे कोणी संगणक घेऊन आलं की "ताई, विंडोज मारून द्या" असंच म्हणतं, मग आत सिस्टीम कुठलीही असो. तुम्ही पाठवलेलं अपडेट आणि ते ज्याच्या टेबलावर उतरतं तो माणूस, या दोघांच्या मध्ये मी उभी असते. तुमच्या पडद्यावरच्या वाक्यांचा अर्थ लोक मला विचारतात, आणि गेली काही वर्षं तो मला धड सांगता येत नाही. 'अभिप्राय पाठवा' या बटणातून मी तीन वेळा लिहिलं. उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

निमित्त सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे. सचिव पहाटे साडेपाचला शटर उघडतात. वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशीन संगणकाला जोडलेलं आहे. दूध ओतलं की लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर छापलेली पावती बाहेर येते, आणि दर दहा दिवसांचं बिल त्याच नोंदींवरून निघतं. मागच्या आषाढात एका पहाटे त्यांनी संगणक चालू केला तर पडद्यावर गोल फिरणारं चक्र, खाली २७ टक्के, आणि इंग्रजीत एक ओळ, संगणक बंद करू नका. बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी. सचिवांनी वीस मिनिटं वाट पाहिली, मग कपाटातली जुनी वही काढून हाताने लिहायला घेतलं. सव्वासहाला लाइट गेली. यूपीएसने सहा-सात मिनिटं तग धरला. फॅटचं मशीनही बंद पडल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत काढून त्यावर चिकटपट्टीने नंबर लावले.

लाइट आली तेव्हा संगणक चालू झाला, पण सिस्टीम उघडेना. दुरुस्तीचा म्हणून जो पर्याय समोर येत होता तो दाबला की पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा तोच पर्याय समोर. पाऊस चालू होता. सीपीयू खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर पुढ्यात धरून सचिव माझ्याकडे आले.

मी हार्डडिस्क काढून माझ्या मशीनला लावली. नोंदी शाबूत होत्या. त्या आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या. मग सिस्टीम नव्याने टाकायला पेनड्राइव्ह लावला, आठ महिन्यांपूर्वी बनवलेला. त्यातला इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टीम बसवून देणारा प्रोग्रॅम, उघडला आणि विचारू लागला, पुढे जाण्याआधी अपडेट उतरवायचे का? दोनच पर्याय : हो, किंवा आत्ता नाही. किती एमबी लागतील, किती वेळ जाईल, नाही म्हटलं तर काय राहून जाईल, यातलं एक अक्षर नाही. मी हो म्हटलं. दुकानातलं नेट लाइटबरोबर गेलेलं, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं. माझा दिवसाला दीड जीबीचा पॅक. तो मध्येच संपला आणि इन्स्टॉलर जागच्या जागी गोल फिरत राहिला. शेवटी सगळं बंद करून पहिल्यापासून, नेटशिवाय. सिस्टीम बसली, मग उरलेले अपडेट उतरता उतरता संध्याकाळचे सात वाजले. संध्याकाळचं दूध साडेपाचला येतं. त्या दिवशीच्या दोन्ही वेळच्या नोंदी वहीत गेल्या, एकूण ११८ ओळी, आणि सचिवांच्या मुलीने रात्री बसून त्या संगणकात भरल्या.

ती सिस्टीम कोणाची होती हे मी इथे लिहिणार नाही, कारण हे दुखणं कोणा एकाचं नाही. लाइट गेली यात तुमचा दोष नाही. यूपीएसची बॅटरी सचिवांनी वेळेवर बदलली नव्हती. पेनड्राइव्ह जुना होता, ती चूक माझी. पण नंतर मी जुन्या डिस्कवरच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं की त्या रात्री आलेल्या तीन अपडेटपैकी एक रोजच्या वापरातल्या सिस्टीमसाठी नव्हतंच. ते संगणक बिघडला तर त्याला उभं करणाऱ्या भागासाठी होतं. म्हणजे सिस्टीम अर्धवट असताना तिला सावरणारा भागही अर्धवट होता. हे आधी कोणी सांगितलं असतं तर सचिवांनी ते काम दुपारी, दूध नसताना, बॅटरी पाहून केलं असतं.

जे वाचक संगणक वापरतात पण त्याच्या पोटात शिरत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं थांबते. 'अपडेट आलंय' असं आपण एकाच शब्दात म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. एक, खुद्द सिस्टीम. दोन, अपडेट बसवण्याचं काम करणारा भाग. विंडोजमध्ये त्याला सर्व्हिसिंग स्टॅक म्हणतात. तीन, बिघाड झाल्यावर उघडणारं दुरुस्तीचं दालन, जे डिस्कच्या एका वेगळ्या छोट्या कप्प्यात ठेवलेलं असतं. आणि चार, नव्याने सिस्टीम टाकायचा इन्स्टॉलर, जो पेनड्राइव्हवर किंवा डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये असतो आणि चालू झाल्यावर स्वतःसाठीच नवे तुकडे नेटवरून मागवतो. पहिल्या प्रकारात काही बिघडलं तर उरलेल्या तिघांच्या जोरावर संगणक परत उभा करता येतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यात बिघडलं तर हातात फारसं काही राहत नाही.

आमच्याकडे विहीर खोदताना वर यारी लावतात आणि तिच्या दोरावर माणसं खाली उतरतात, दगडमाती वर येते. यारीचा दोर बदलायचा असेल तर आधी खालच्या माणसांना वर घेतात. वर घेता येत नसेल तर निदान हाक मारून सांगतात. तुम्ही दोर बदलता, हाक मारत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. पुढचे मुद्दे हे तिचेच पैलू.

पहिला मुद्दा नावांचा. विंडोजच्या अपडेटचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि सात आकडे. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठी केबी ५०३४४४१ नावाचं अपडेट सोडलं. ते दुरुस्तीच्या दालनासाठी होतं, आणि कारणही रास्त होतं : त्या दालनातून डिस्कचं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चुकवता येण्याची एक पळवाट होती. पण ते बसायला त्या छोट्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि असंख्य संगणकांत ती नव्हती. मग पडद्यावर काय आलं? 'जागा कमी आहे' असं नाही, तर शून्य एक्स ८००७०६४३ हा आकडा, ज्याचा अर्थ निव्वळ 'बसवता आलं नाही' एवढाच. उपाय म्हणून कंपनीने काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून डिस्कचे कप्पे लहानमोठे कसे करायचे याची कृती दिली. कप्प्यांच्या आज्ञेत एक आकडा चुकला तर सगळा डेटा उडतो. अर्ज भरायला आलेल्या आजोबांना किंवा हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला असं काम सांगणं मला अजिबात पटत नाही. पुढे काही महिन्यांनी कंपनीने कळवलं की यावर आपोआप होणारा उपाय मिळणार नाही.

आणि हेच दालन ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा अडलं. १४ ऑक्टोबरच्या विंडोज ११च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या दालनात यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. एरवी संगणक व्यवस्थित चालायचा, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येणार नव्हतं. संगणक बिघडेल तेव्हाच कळणार, आणि तेव्हा समोर 'दुरुस्त करा' असं लिहिलेलं दिसेल पण बाण हलणार नाही. २० ऑक्टोबरला तातडीचं अपडेट देऊन ते सुधारलं. सहा दिवसांत सुधारलं हे मी मान्य करते. पण ज्यांचे संगणक त्या सहा दिवसांत बिघडले त्यांच्यापर्यंत ते तातडीचं अपडेट पोचणार कसं?

दुसरा मुद्दा पेनड्राइव्हचा, आणि माझ्यासारखीला तो सगळ्यात जवळचा. माझ्या दुकानात खिळ्याला पाच पेनड्राइव्ह टांगलेले आहेत. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवून मी बनवल्याची तारीख लिहिते. ही पट्टी मला लावावी लागते, कारण तुमचा इन्स्टॉलर स्वतःचं वय सांगत नाही. औषधाच्या पाकिटावर मुदत असते, गॅसच्या टाकीवर असते. इन्स्टॉलरलाही मुदत असते, पण ती आतल्या कुठल्यातरी आकड्यात दडलेली.

याने काय होतं याचं ठळक उदाहरण विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीचं. ज्या इन्स्टॉलरमध्ये ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४चे सुरक्षा अपडेट आधीपासून मिसळलेले होते, त्यांवरून सिस्टीम टाकली तर पुढचे सुरक्षा अपडेट बसेनात, असं डिसेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलं. उपाय एकच : डिसेंबरचं किंवा नंतरचं अपडेट असलेल्या नव्या इन्स्टॉलरने पुन्हा टाका. नीट विचार करा याचा. कोणीतरी काळजीने, जुना पेनड्राइव्ह नको म्हणून नोव्हेंबरमधला ताजा बनवला, आणि नेमका त्यानेच संगणकाचं दार कायमचं अडलं. बाहेरून काहीच दिसत नाही. सिस्टीम छान उघडते, टायपिंग होतं, प्रिंट निघते. फक्त सुरक्षेचं काही आत येत नाही. ते जाहीर केलेलं पान इंग्रजीत, हजार पानांमधलं एक. तो पेनड्राइव्ह ज्याच्या हातात आहे त्याला ते कळणार कुठून?

ॲपलचंही असंच. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांच्या जुन्या इन्स्टॉलरवरच्या डिजिटल सहीची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून जपून ठेवलेले इन्स्टॉलर उघडले की संदेश यायचा, ही प्रत खराब झाली आहे. प्रत खराब नव्हती. फक्त सहीची तारीख उलटली होती, आणि नवी प्रत उतरवली की काम व्हायचं. कित्येकांनी संगणकाचं घड्याळ मागे नेऊन वेळ मारून नेली. 'मुदत संपली, नवी प्रत घ्या' एवढं लिहायला काय हरकत होती? 'खराब' म्हटल्यावर माणूस पेनड्राइव्ह फेकतो, डिस्क बदलायला काढतो, पैसे घालवतो.

याच मुद्द्यात आणखी एक. विंडोज १०चा आधार, म्हणजे तिला नेहमीचे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक नवा इन्स्टॉलर बनवायला धावणार हे उघड होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत इन्स्टॉलर बनवायचं कंपनीचं साधन, मीडिया क्रिएशन टूल, विंडोज १०वर उघडताच बंद पडू लागलं. कारण होतं सप्टेंबरअखेरीस आलेली त्याची नवी आवृत्ती. ज्यांच्यासाठी ते साधन, त्यांच्याच संगणकावर ते चालेना. अशा वेळी लोक कुठे जातात ते मी रोज पाहते. कोणाच्या तरी भाच्याने कुठूनतरी उतरवलेला इन्स्टॉलर, विंडोज ११ला लागणारी आठव्या पिढीच्या प्रोसेसरची आणि टीपीएम या सुरक्षा चिपची अट उडवलेला, हातोहात फिरतो. त्यात आत काय घातलंय ते देवालाच माहीत. तुम्ही डाउनलोडच्या पानावर पडताळणीचा लांबलचक आकडा देता, पण तो कसा पडताळायचा हे तालुक्यातल्या शंभरातल्या एकालाही येत नाही.

तिसरा मुद्दा परवानगीचा. २०१५ आणि २०१६मध्ये विंडोज १० फुकट देताना काय काय झालं ते अजून लोकांच्या लक्षात आहे. ज्यांनी मागितलं नव्हतं त्यांच्याही डिस्कवर कित्येक जीबींचा इन्स्टॉलर लपलेल्या फोल्डरमध्ये आधीच उतरवून ठेवला गेला. मे २०१६मध्ये तर खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणार, अशी रचना होती. फुली म्हणजे 'नको', हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. मी गावातल्या बायकांना संगणक शिकवते तेव्हा पहिल्याच दिवशी सांगते : घाबरू नका, समजलं नाही तर फुली दाबा. त्या वाक्याचा तुम्ही विश्वासघात केलात. कॅलिफोर्नियात एका महिलेला तिच्या कामाचा संगणक या अपग्रेडने निकामी झाल्याबद्दल १०,००० डॉलर मिळाले. कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मर्यादा ओलांडली गेल्याचं कबूल केलं. कबुली आली हे चांगलं झालं. पण न विचारता उतरवण्याची सवय तेवढ्याने गेलेली नाही, आणि ज्याचा दिवसाचा पॅक दीड जीबी आहे त्याच्यासाठी न विचारता उतरवलेला प्रत्येक जीबी खिशातून जातो.

परतीच्या वाटेबद्दलही इथेच लिहिते. विंडोजची नवी आवृत्ती बसल्यावर जुनीवर परत जायला १० दिवस मिळतात. दूध केंद्राचं बिल दहा दिवसांनी निघतं. म्हणजे नव्या आवृत्तीत बिल छापताना काही गडबड होते हे लक्षात यावं तोवर वाट बंद. आणि सर्व्हिसिंग स्टॅकचं अपडेट तर एकदा बसलं की काढताच येत नाही. २०२१पासून ते मासिक अपडेटमध्येच मिसळून येतं, त्यामुळे वेगळं दिसतही नाही. काढता येऊ नये यामागे तांत्रिक कारण असेल, मी ते नाकारत नाही. पण परत न फिरणाऱ्या गोष्टीवर तसं लिहिलेलं असावं.

जागा आणि वेळेचं थोडक्यात. २०२१च्या सुरुवातीला ॲपलच्या मॅक संगणकांसाठीच्या 'बिग सर' या आवृत्तीचा इन्स्टॉलर डिस्कवर पुरेशी जागा आहे की नाही हे नीट न तपासताच काम सुरू करायचा आणि मध्ये अडकायचा. फेब्रुवारीत ते सुधारलं. तपासणी आधी आणि काम नंतर, हे गवंड्याच्या हाताखालच्या पोरालाही कळतं. आणि ते टक्के! २७ टक्क्यांवर पाऊण तास थांबून पुढच्या दोन मिनिटांत ९० होणारा आकडा दाखवण्यापेक्षा 'अजून साधारण चाळीस मिनिटं, या काळात वीज गेली तर धोका' असं लिहा. आमच्याकडे वीज जाते. पावसाळ्यात रोज जाते.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आला की लोकांना वाटतं भावनेचं बोलतेय. तो कामाचा मुद्दा आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. विंडोज बसल्यावर तिचे बरेचसे मेनू मराठीत करता येतात, ते मी लोकांना करून देते. पण विंडोजचा इन्स्टॉलर मराठीत मिळत नाही. म्हणजे सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा मराठी, आणि जिथे चुकीचं बटण दाबलं तर अख्खी डिस्क पुसली जाईल तिथे इंग्रजी. डेबियन नावाची सिस्टीम जगभरातले स्वयंसेवक बनवतात. त्यांच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. ती निवडली की प्रश्न मराठीत येतात. काही शब्द बोजड आहेत, ते सुधारता येतील. पण स्वयंसेवकांना जमलं ते तुम्हाला जमत नाही हे मी मान्य करणार नाही.

डेबियनची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २०२३मध्ये त्यांची १२.३ ही आवृत्ती तयार होती. ऐन वेळी लक्षात आलं की तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, फाइली खराब करू शकणारा दोष आहे. त्यांनी इन्स्टॉलरच्या प्रती रोखल्या, ज्यांनी अपडेट घेतलं असेल त्यांना सरळ शब्दांत थांबायला सांगितलं, आणि १० डिसेंबरला सुधारून थेट १२.४ दिली. चूक सगळ्यांकडून होते. हाक कशी मारायची ते त्यांनी दाखवलं. उबुंटू या आणखी एका मोफत सिस्टीमच्या नव्या इन्स्टॉलरचंही बरं वाटतं : तो सुरुवातीलाच सांगतो की इन्स्टॉलरची नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घ्यायची की पुढे जायचं. विचारतो तरी. मात्र नव्या आवृत्तीत काय बदललं हे तोही सांगत नाही.

आता हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट बंदच करा की. हे मला दुकानात रोज ऐकावं लागतं. "ताई, ते अपडेट बंद करून द्या, शंभर रुपये घ्या." मी करून देत नाही. का नाही, ते समजावताना मी न्हावा-शेव्याची गोष्ट सांगते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने जगभरच्या कंपन्यांचे संगणक पडले आणि न्हावा-शेव्याच्या आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ज्या भोकातून तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता त्यातलं एक बुजवणारं अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला आलेलं होतं. तीन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. पण गोष्टीची दुसरी बाजूही मी लपवत नाही : तो हल्ला सुरू झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्या वाटेने औषध यायचं त्याच वाटेने विष आलं. म्हणून अपडेट घ्यायलाच हवं, आणि कोणी पाठवलं, कशासाठी, हे कळायलाही हवं.

तुम्ही गप्प राहता, लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस अपडेट बंद करणारा कोणीतरी शोधतोच. मी नाही म्हटलं तर स्टँडसमोरचा करून देतो. तुमच्या सुरक्षेच्या कामाचं सगळ्यात मोठं नुकसान हल्लेखोर करत नसून न समजणारी ती एक ओळ करते, असं माझं सोळा वर्षांचं निरीक्षण आहे.

माझ्या मागण्या :

अपडेट सिस्टीमसाठी आहे, अपडेट बसवणाऱ्या भागासाठी आहे, दुरुस्तीच्या दालनासाठी आहे की इन्स्टॉलरसाठी, हे त्याच्या नावातच साध्या शब्दांत लिहा. आकडा खाली बारीक अक्षरात राहू द्या.

यातल्या शेवटच्या तीन प्रकारांसाठी वेगळी परवानगी घ्या. त्या पडद्यावर चार गोष्टी हव्यात : किती डेटा, किती वेळ, मध्ये वीज गेली तर काय, परत फिरता येईल का. आणि फुलीचा अर्थ 'नको' हाच राहील, असं लेखी द्या.

इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तो कोणत्या तारखेचा आहे ते मोठ्या अक्षरांत दाखवा. नेट असेल तर तो स्वतःहून विचारून घेईल की ही प्रत दोषी ठरली आहे का, आणि ठरली असेल तर तिथेच थांबून तसं सांगेल. नोव्हेंबर २०२४च्या प्रतीसारखं पुन्हा होऊ नये याला एवढं पुरेसं आहे. प्रत खरी की कोणी ढवळलेली, हेही एका बटणात कळू द्या. मुदत संपली तर 'मुदत संपली' म्हणा, 'खराब' म्हणू नका.

दुरुस्तीचं दालन बदलल्यावर ते खरोखर उघडतं का, त्यात कीबोर्ड चालतो का, हे संगणकाने स्वतः एकदा तपासून वापरणाऱ्याला कळवावं. आणि नवं दालन तपासून होईपर्यंत जुनं पुसू नका. माझ्यासाठी ही सगळ्यांत महत्त्वाची मागणी आहे. बाकीच्या मान्य करायला वेळ लागला तर मी समजून घेईन, हिच्यासाठी नाही.

परतीची मुदत १० दिवसांऐवजी निदान एक महिना करा. विंडोज १०मध्ये सुरुवातीला ती एक महिनाच होती.

इन्स्टॉलर, दुरुस्तीचं दालन आणि 'डिस्क पुसली जाईल' असं सांगणारा प्रत्येक पडदा मराठीत आणा. भाषांतर यंत्राकडून करून घेऊन सोडू नका. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवा. मी वाचून देईन, पैसे घेणार नाही.

विंडोज १०च्या वाढीव सुरक्षा अपडेटची घरगुती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. त्या तारखेच्या आसपास माझ्या दुकानात पुन्हा रांग लागेल, पोत्यात गुंडाळलेले सीपीयू येतील, आणि खिळ्यावरचे पेनड्राइव्ह खाली उतरतील. दूध केंद्राच्या सचिवांनी यूपीएसची बॅटरी बदलली आहे. वही मात्र त्यांनी कपाटात परत ठेवलेली नाही, काट्याशेजारीच ठेवली आहे.

उत्तर जाहीर द्यावं, ही विनंती.

आपली,
एक संगणक दुरुस्ती करणारी,
करमाळा, जि. सोलापूर